वाचकांचे प्रश्न : चूक झाली, ती चारचौघांत सांगावी का?

दिवाळीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला. घरी किंवा लहानशा कारखान्यात माल तयार करून तो मोबाईलवरून विकणाऱ्या मराठवाड्यातील अनेकांना असा प्रश्न पडला आहे, की ग्राहकाच्या बाबतीत आपल्याकडून चूक झाली तर ती खासगीत मिटवावी की सर्वांसमोर मान्य करावी. त्यांपैकी तीन पत्रे आणि एका ग्राहक भगिनीचे पत्र येथे घेतले आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

आमच्या बचत गटात आम्ही सात जणी येसर, काळा मसाला, कारळाची आणि शेंगदाण्याची चटणी तयार करतो. ऑर्डरी व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर येतात. दिवाळीच्या घाईत उन्हाळ्यात भाजून डब्यात ठेवलेले कारळ चटणीसाठी वापरले गेले. पुण्याच्या एका ताईंनी ‘चटणी खवट आहे’ असे आमच्या पानावर लिहिले. मी घाबरले आणि ते काढून टाकले. आता आणखी चौघी तेच सांगत आहेत आणि आधीची तक्रार कुठे गेली, असेही विचारत आहेत. माझ्या थोरल्या जाऊबाई गटातच आहेत. त्या म्हणतात, कबूल केले तर धंदा बसेल. काय करावे?
— एक भगिनी, अंबाजोगाई

ताई, कबूल करावे आणि आजच करावे. कपड्याची शिवण उसवली तर नुकसान एका ग्राहकाचे होते. चटणीची गोष्ट वेगळी आहे, कारण ज्या घाण्यातली पाकिटे त्या पाच जणींकडे गेली, त्याच घाण्यातली पाकिटे आणखी कितीतरी घरांत, कदाचित लहान मुलांच्या डब्यांतही, गेलेली असणार. त्यांतल्या पुष्कळ जणी तक्रार न करता पाकीट फेकून देतील आणि तुमच्याकडून पुन्हा काही मागवणार नाहीत. काही जणी ते संपवण्यासाठी खातही राहतील. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे जाहीर सूचना. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ यातही सदोष अन्नपदार्थ ग्राहकांकडून परत घेण्याची जबाबदारी तो तयार करणाऱ्यावरच टाकलेली आहे, आणि घरगुती उद्योग म्हणून नोंदणी केलेल्या गटालाही आपली जबाबदारी झटकता येत नाही.

जाहीर लिहिण्याच्या आधी एक काम करा. ज्यांची टिप्पणी तुम्ही काढून टाकली, त्या पुण्याच्या ताईंना फोन करा. संदेश पाठवू नका, फोनच करा. चटणी खवट होती हे मान्य करा, टिप्पणी काढायला नको होती हेही मान्य करा, त्यांचे पैसे कुरिअरच्या खर्चासह त्याच दिवशी परत पाठवा, आणि आपण हे सर्वांसमोर लिहिणार आहोत हे त्यांच्या कानावर घाला. ज्यांचे नुकसान झाले त्यांना आपली कबुली इतरांबरोबर पानावर वाचायला लागावी, हे बरे दिसत नाही.

त्यानंतर जाहीर काय लिहावे, याचा एक नमुना देतो. तारखा आणि आकडे तुमच्या वहीप्रमाणे घाला.

“आमच्या गटाने ९ ऑक्टोबरला केलेली कारळाची चटणी खवट निघाली आहे. आम्ही उन्हाळ्यात भाजून ठेवलेले कारळ वापरले. ते वापरण्यापूर्वी चाखून पाहायला हवे होते, ते पाहिले नाही. पाकिटावर ९ ऑक्टोबर ही तारीख असेल तर ती चटणी कृपया खाऊ नका. पाकीट परत पाठवण्याची गरज नाही, त्याचा फोटो पाठवा. चार दिवसांत पूर्ण पैसे परत मिळतील. येसर, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी यांत हे कारळ वापरलेले नाही. पहिली तक्रार आली तेव्हा आम्ही ती पानावरून काढून टाकली. ते चुकीचे होते. तक्रार करणाऱ्या ताईंची आम्ही क्षमा मागितली आहे, आपल्या सर्वांचीही मागतो.”

या मजकुरात ग्राहकाला लागणारी माहिती आहे: कोणती चटणी, कोणत्या तारखेची, काय करायचे, पैसे केव्हा मिळणार, आणि कोणता माल निर्धास्त वापरावा. असली माहिती नसलेली क्षमायाचना कितीही हात जोडून केली तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘काही ग्राहकांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य आपण सगळे इतक्या ठिकाणी वाचत आलो आहोत, की ते दिसले की माणूस पुढचे वाचत नाही. तसेच हवामान, कुरिअर, दिवाळीची गर्दी यांची नावे घेण्याचा मोह टाळा. तेलबियांच्या चटण्यांना उष्णता, उजेड आणि हवा मानवत नाही हे खरे, आणि कुरिअरच्या गाडीत पाकीट तापले असेल हेही शक्य आहे. पण भाजलेले कारळ महिनोन्‌महिने डब्यात राहिले तर त्यातले तेल बिघडते, हे तुमच्या गटातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. ज्या बाईने तो डबा उघडला, तिचे नाव किंवा तिच्याकडे बोट दाखवणारा एखादा शब्दही लिहू नका. चूक गटाची आहे, तेव्हा ‘आम्ही’ असेच लिहावे.

काढून टाकलेल्या टिप्पणीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या मते खवट चटणीपेक्षा ती चूक मोठी आहे. चटणी बिघडली ती घाईत; तक्रार मात्र तुम्ही समजून उमजून लपवली, आणि ग्राहकांना नेमके हेच खुपते. ज्या चौघी नंतर लिहीत आहेत त्यांनी पहिली टिप्पणी पाहिलेली आहे, कदाचित तिचा स्क्रीनशॉटही त्यांच्याकडे असेल. म्हणून नमुन्यातील शेवटची तीन वाक्ये गाळावीशी वाटली तरी गाळू नका.

ही सूचना इन्स्टाग्रामच्या स्टोरीत किंवा व्हॉट्सॲपच्या स्टेटसमध्ये ठेवून भागणार नाही. ती दोन्ही चोवीस तासांत नाहीशी होतात. सूचना पानावर कायमची पोस्ट म्हणून टाका, वर पिन करा, आणि तिच्याखालील टिप्पण्या बंद करू नका. ऑर्डरींची यादी तुमच्याजवळ असेलच, तेव्हा त्या घाण्याच्या प्रत्येक ग्राहकाला तोच मजकूर वेगळा पाठवा. भरपाई रोख द्या. ‘पुढच्या खरेदीवर सवलत’ ही भरपाई नसते, कारण तिच्यासाठी ग्राहकाला आधी आणखी पैसे खर्च करावे लागतात. आणखी एक सावधगिरी: पैसे परत करण्याची जाहीर सूचना दिसली की तुमच्या नावाने फसवणारे लोकही फोन करू लागतात. म्हणून पोस्टमध्ये तुमचा एकच क्रमांक द्या आणि स्पष्ट लिहा, की पैसे मिळण्यासाठी कुणालाही यूपीआय पिन टाकावा लागत नाही, कोणताही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि ओटीपी सांगावा लागत नाही.

तुमच्या जाऊबाईंची भीती पोकळ नाही. लहान गावात नाव व्हायला वर्षे लागतात आणि जायला एक दिवाळी पुरते, हे त्यांनी पाहिलेले असणार. त्यांना एवढेच सांगा, की बातमी आधीच बाहेर गेली आहे. पाच घरांत ती बोलली जात आहे, आणि तुम्ही गप्प राहिलात तर ती त्या पाच घरांच्याच शब्दांत पुढे जाईल. काही ग्राहक तुटतील, हेही खरे. सगळे परत येतील असे आश्वासन मी देऊ शकत नाही. यापुढे प्रत्येक पाकिटावर तयार केल्याची तारीख आणि घाण्याचा क्रमांक टाका. वेष्टनावर ही माहिती असणे नियमानेही आवश्यक आहे, आणि ती असली तर पुढच्या वेळी सगळा माल परत मागवावा लागणार नाही, एका घाण्यावर भागेल.

मी पैठणचा विणकर आहे. नांदेडच्या एका कुटुंबाने मुलीच्या लग्नासाठी पैठणीची ऑर्डर दिली, आगाऊ रक्कमही दिली. मधल्या काळात माझी आई आजारी पडली, माग बंद राहिला, आणि साडी लग्नाला मिळाली नाही. शेवटचे काही दिवस मी त्यांचे फोन उचलले नाहीत. आता त्यांनी फेसबुकवर ‘पैठणचे विणकर पैसे घेऊन फसवतात’ असे लिहिले आहे. तिथे चूक मान्य करावी असे वाटते. पण एक मित्र म्हणतो, लेखी कबुली दिली तर कोर्टात अडकशील. आईच्या आजाराचे लिहावे का?
— एक विणकर, पैठण

दादा, आधी कायद्याचे पाहू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ते कुटुंब तुमच्याविरुद्ध नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकते. त्यासाठी त्यांना छत्रपती संभाजीनगरला यावे लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तक्रारीसाठी त्यांना दोन वर्षांची मुदत आहे. ऑनलाइन खरेदी-विक्रीसाठी २०२० मध्ये केलेल्या नियमांत असेही आहे, की सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घ्यायला आणि पैसे परत करायला विक्रेत्याने नकार देता कामा नये. तात्पर्य, तुमचे देणे कबुलीमुळे निर्माण होत नाही. मुदत टळली त्या दिवशीच ते निर्माण झाले आहे. तुम्ही लिहा किंवा न लिहा, आगाऊ रकमेची पावती आणि न उचललेले फोन त्यांच्या मोबाईलमध्ये आहेतच.

मित्राच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार पक्षकाराची कबुली पुराव्यात घेता येते. मात्र ती निर्णायक पुरावा मानली जात नाही, आणि जे लिहिले त्यापासून मागे फिरणे पुढे अवघड जाऊ शकते. म्हणून जे घडले आणि जे तुम्हाला पक्के माहीत आहे, तेवढेच लिहा. ‘मी तुमचे लग्न बिघडवले, वाटेल ती शिक्षा द्या’ अशी वाक्ये भावनेच्या भरात लिहिली जातात. त्यांनी त्या कुटुंबाला काही मिळत नाही. प्रकरण आयोगापुढे गेलेच असेल, तर मात्र काहीही लिहिण्यापूर्वी वकिलाला विचारा.

आईच्या आजाराचे एका वाक्यात लिहा आणि तिथेच थांबा. दवाखान्यातील फोटो टाकू नका. आजार हे माग बंद राहण्याचे कारण होते. फोन न उचलण्याचे नव्हते. पैठणीचे काम जाणणाऱ्या कुणालाही माहीत असते, की पदरावरचे मोर, मुनिया आणि वेल छोट्या छोट्या कांड्यांनी, धागा धागा मोजून भरावे लागतात आणि त्या कामाला घाई चालत नाही. लग्नाच्या महिनाभर आधी ‘साडी होणार नाही’ असे तुम्ही स्वतः कळवले असते, तर त्या आईवडिलांना दुसरी पैठणी शोधायला वेळ मिळाला असता. तो वेळ तुमच्या गप्प बसण्याने गेला. तुमच्या कबुलीत पहिले स्थान याला द्या.

त्या पोस्टखाली लिहिण्याआधी पूर्ण आगाऊ रक्कम परत पाठवा. साडी त्यांना अजून हवी आहे का, हे नंतर विचारा. रक्कम अडकवून ‘साडी लवकरच पूर्ण होईल’ असे म्हणणे हा त्यांच्यावर दबाव ठरतो. लिहिताना वेगळी पोस्ट करू नका, त्यांच्याच पोस्टखाली लिहा. ज्यांनी आरोप वाचला त्यांनाच उत्तरही वाचायला मिळाले पाहिजे. आणि एक वाक्य आवर्जून घाला: “ही चूक माझी एकट्याची आहे, पैठणच्या इतर विणकरांचा यात काही संबंध नाही.” पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते नाव कुणा एकाचे नाही, मागावर बसणाऱ्या सर्वांचे आहे. रागाच्या भरात त्या कुटुंबाने सगळ्या गावाला बोल लावला, हे त्यांचे दुःख पाहता समजण्यासारखे आहे, आणि तो डाग पुसणे तुमच्याच हातात आहे. ‘तुम्ही सगळ्यांना नावे का ठेवता’ असे मात्र त्यांना विचारू नका.

छत्रपती संभाजीनगरात हिमरूच्या शाली विकतो. पानावर सगळे फोटो हातमागाच्या शालींचे आहेत. गेल्या हिवाळ्यात हातमागाचा माल संपला, तेव्हा काही ग्राहकांना त्याच दराने यंत्रमागाच्या शाली गेल्या. कुणीही तक्रार केलेली नाही. तरी मनाला लागून राहिले आहे. न विचारता सांगावे का?
— एक विक्रेता

होय, सांगावे. ‘गेल्या’ असे तुम्ही लिहिले आहे. शाली आपोआप गेल्या नाहीत, त्या पाठवल्या गेल्या, आणि कबुलीतही ‘आम्ही पाठवल्या’ असेच लिहावे लागेल. वरच्या दोन पत्रांतील मूळ चुका हयगयीच्या आहेत. हे प्रकरण त्यांहून गंभीर आहे, कारण एक वस्तू दाखवून दुसरी देणे याला २०१९ चा कायदा अनुचित व्यापार प्रथा म्हणतो.

हिमरूचे हातमाग आता मोजकेच उरले आहेत. ग्राहक जास्त दर देतो तो सूत आणि रेशमाच्या त्या विणीसाठी, आणि ती विणणाऱ्या कारागिराचा माग चालू राहावा म्हणूनही. त्या दराने यंत्रमागाची शाल विकली तर ग्राहकाचे पैसे जातात आणि कारागिराच्या वाट्याचे कामही जाते. तक्रार आली नाही याचा अर्थ एवढाच, की साध्या डोळ्याला फरक ओळखता आला नाही. अस्सल हातमागाच्या मालावर लावायचे हातमाग चिन्ह २००६ मध्ये सुरू करावे लागले त्यामागे हीच अडचण होती.

ज्यांना त्या शाली पाठवल्या त्या प्रत्येकाला आधी वैयक्तिक कळवा आणि शाल परत देऊन पूर्ण पैसे घेणे किंवा शाल ठेवून दरातला फरक घेणे, यांतले काय हवे ते त्यांनाच ठरवू द्या. त्यानंतर पानावरही लिहा, कारण शाली भेट म्हणून दिल्या जातात आणि आज ती ज्याच्या खांद्यावर आहे त्याचे नाव तुमच्या यादीत नसेल. कोणत्या महिन्यांत, कोणत्या रंगाच्या आणि नक्षीच्या शाली पाठवल्या ते लिहा. सगळी रक्कम एकदम परत करणे झेपणार नसेल तर तेही लिहून तारखा द्या, आणि त्या पाळा. कबुलीचे कौतुक होऊ लागले, तर ते कौतुक जाहिरातीसाठी वापरू नका. ‘आमच्या प्रामाणिकपणाबद्दल ग्राहक काय म्हणतात’ अशी पोस्ट मी पाहिली आहे आणि ती मला अतिशय खटकली.

मी लातूरची. एका घरगुती उद्योगाकडून मागवलेल्या कुरडया फुटून आल्या, म्हणून खासगीत कळवले. त्यांनी जाहीर क्षमा मागितली, पण माझ्या संदेशाचा स्क्रीनशॉट माझ्या नावासह आणि क्रमांकासह टाकला. आता ‘एवढ्याशा गोष्टीसाठी गरिबाच्या पोटावर पाय देते’ असे मला अनोळखी लोक लिहीत आहेत. मी काय चुकले?
— एक ग्राहक, लातूर

तुमचे काहीही चुकले नाही. पैसे देऊन घेतलेली वस्तू मोडकी निघाली आणि तुम्ही ती गोष्ट शांतपणे, खासगीत कळवली. यापेक्षा सभ्य रीत नाही. चूक कबूल करताना ग्राहकाचे नाव, क्रमांक, पत्ता किंवा त्याचे खासगी शब्द त्याच्या परवानगीशिवाय पुढे करण्याचा कोणालाही अधिकार नाही, उद्योग कितीही लहान असला आणि हेतू कितीही चांगला असला तरी. त्या उद्योगाच्या हेतूबद्दल मी शंका घेत नाही. परंतु परिणाम असा झाला, की क्षमा मागणाऱ्याला सहानुभूती मिळाली आणि जिची क्षमा मागितली तिला शिव्या.

आधी त्या पोस्टचा आणि तुम्हाला आलेल्या संदेशांचा तारखेसह दिसेल असा स्क्रीनशॉट स्वतःजवळ ठेवा. मग त्या उद्योगाला लेखी कळवा, की माझे नाव आणि क्रमांक आज काढा, आणि त्याच पानावर लिहा की या ग्राहकाची तक्रार रास्त होती, तिला त्रास देणे थांबवा. हे दुसरे वाक्य त्यांच्याकडून मागून घ्या, कारण त्यांचे चाहते तुमचे ऐकणार नाहीत, त्यांचे ऐकतील. त्यांनी नकार दिला तर ज्या माध्यमावर पोस्ट आहे त्याच्याकडे खासगी माहिती उघड केल्याची तक्रार नोंदवा. कुरडयांचे पैसे मिळाले नसतील, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आणि धमकीचा किंवा अश्लील मजकुराचा एकही संदेश आला असेल, तर वाट पाहू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या, आणि जाताना घरातले कुणीतरी बरोबर न्या.